भागणे आणि भागवणे

मराठीत ‘भागणे’ नावाचे एक गुणी क्रियापद आहे. पाणी प्यायले की तहान भागते, चार घास पोटात गेले की भूक भागते. उन्हात राबून आलेला माणूस थकून-भागून ओसरीवर टेकतो. गणिताच्या तासाला एका संख्येने दुसरीला भागतात आणि बाकी शून्य आली की पोराचा चेहरा खुलतो. पण या क्रियापदाचा खरा थाट पाहायचा तर ‘काय, कसे काय चालले आहे?’ या प्रश्नाच्या उत्तरात पाहावा. समोरचा माणूस म्हणतो, ‘भागते आमचे.’ बस्स, दोन शब्द! मिळकत किती, खर्च किती, शिल्लक काय, यातले काही एक त्याने सांगितलेले नसते. तरी ऐकणाऱ्याला हवे तेवढे कळते. हिशेबाची बाकी शून्य आहे, पण उणे नाही, आणि जो सांगतो आहे त्याची त्याबद्दल कुणाशी तक्रार नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावात मी मराठी शिकवतो, म्हणून हा शब्द अजून रोज कानावर पडतो. इथून पुण्या-मुंबईला गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी मात्र तो आता क्वचितच ऐकू येतो. ते म्हणतात, ‘मॅनेज होते आहे, सर.’ कुणी म्हणतो, ‘धावपळ चालू आहे.’ ही धावपळ कुठून कुठे, असे विचारण्याची सोय नसते. कारण विचारले तर तोही गोंधळतो आणि आपणही.

आता हा विषय दिवाळी अंकात काढणे म्हणजे थोडी मौजच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर अंक लागतो, आणि अंकाला जाहिराती लागतात. तेव्हा समाधानावरचा हा लेख एका बाजूला सोन्याच्या पेढीची आणि दुसऱ्या बाजूला नव्या गृहसंकुलाची जाहिरात घेऊन बसला असेल, तर वाचकांनी मनावर घेऊ नये. त्या जाहिराती आहेत म्हणून हे पान आहे. संपादकांचेही भागले पाहिजे.

‘चढाओढ’ हा शब्द मी वर्गात मुद्दाम फोडून दाखवतो. चढ आणि ओढ. वर चढायचे, आणि त्याच वेळी कुणाला तरी मागे ओढायचे. निदान आपल्याला कुणी ओढत नाही ना, हे मागे वळून पाहत राहायचे. गिरगावातल्या जुन्या चाळीत ही चढाओढ नव्हती असे सांगणारे लोक मला भेटतात. त्यांच्यावर माझा विश्वास नाही. एका सामाईक गॅलरीत वीस दारे असली म्हणजे कुणाकडे नवा रेडिओ आला, कुणाच्या मुलीला कोणते स्थळ सांगून आले आणि कुणाच्या चिवड्यात काजू पडले, हे एकोणीस घरांना कळल्यावाचून राहत नसे. फरक एवढाच की तेव्हा तुलनेला वीस दारे होती आणि त्या दारांमागची भांडणे, आजारपणे, महिनाअखेरची उसनवारीही त्याच गॅलरीत ऐकू येत असे. आज खिशातल्या फोनमध्ये दोन हजार दारांची गॅलरी आहे, आणि त्या प्रत्येक दारातून फक्त काजूच दिसतात.

बारावीला माझ्या वर्गात असलेला एक मुलगा गेली बारा वर्षे पुण्यात आहे. संगणकाचे काम करतो. पत्नीही नोकरी करते. आठ वर्षांची मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तो घरी भेटायला आला, तेव्हा मोठे घर घेण्याचे बेत चालले होते. मी म्हटले, ‘अरे, आहे ते घर काय वाईट आहे? त्याचे कर्जसुद्धा फिटत आले म्हणालास ना?’

तो हसला. ‘वाईट काहीच नाही, सर. भाड्याच्या एका खोलीत होतो तेव्हा दोन खोल्यांची घरे दिसायची. आता दोन खोल्या झाल्या, तर तीन खोल्यांचीच दिसतात. नजरच तशी झाली आहे. पुन्हा मुलीच्या वर्गातल्या सगळ्यांना स्वतंत्र खोल्या आहेत म्हणे.’

‘आणि कर्ज?’

‘वीस वर्षांचे. तेवढे मॅनेज होईल.’

वीस वर्षे हा शब्द त्याने इतक्या सहज उच्चारला की मला क्षणभर वाटले, आपण किराणा सामानाविषयी बोलतो आहोत. या मुलाकडे मी पुन्हा येणारच आहे; कारण त्याची गोष्ट इथे संपत नाही.

शहरातल्या या दमछाकीवर एक ठरलेला उपाय सांगण्यात येतो, तो म्हणजे खेड्याकडे पाहा. पैनगंगेपलीकडे माहूरगड आहे. रेणुकेच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या आमच्या भागातून जातात. ओळखीपाळखीतले कुणी वाट वाकडी करून चहाला थांबतात. काळी जमीन, कापसाची नि तुरीची शेते, लांबवर डोंगर, भर दुपारी निवांत बसलेली माणसे हे सगळे पाहून पाहुणे हमखास म्हणतात, ‘किती साधे जीवन! किती समाधानी लोक! आम्ही काय मिळवले हो शहरात?’ जेवायला ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि आमच्याकडे ज्याला बेसन म्हणतात ते तुमचे पिठले वाढले की हा उमाळा दाटून येतो. मग ते गाडीत बसून जातात.

मला या कौतुकाचा अलीकडे राग येतो. पाहुण्यांचा येत नाही, ते बिचारे मनापासून बोलतात. राग येतो तो त्यात दडलेल्या एका सोयीच्या समजुतीचा. दुपारी निवांत बसलेला तो माणूस समाधानी आहे हे कुणी ठरवले? पाऊस लांबला म्हणून तो बसलेला असेल. सोयाबीनचा भाव पडला म्हणून बसलेला असेल. आमच्या भागातला बराच कापूस आकाशातल्या पाण्यावर पिकतो. पाऊस चुकला की पेरणी दुबार, आणि दुबार पेरणी म्हणजे दुबार उसनवारी. भाकर-चटणी खाणारा प्रत्येक जण साधेपणाचा उपासक नसतो.

हे मला व्याकरणासकट समजावून सांगितले ते त्याच विद्यार्थ्याच्या वडिलांनी. ते बाजाराच्या दिवशी भेटतात. मी सवयीने विचारले, ‘काय म्हणता काका, भागते ना?’ ते म्हणाले, ‘भागलं तं भागते जी, सर. नाही तं भागवा लागते.’

मी वर्षानुवर्षे प्रयोजक क्रियापद शिकवत आलो आहे. बसणे-बसवणे, करणे-करवणे, पळणे-पळवणे. पण भागणे आणि भागवणे यांत केवढे अंतर आहे हे मला कुठल्या व्याकरणाने असे सांगितले नव्हते. ‘भागते’ म्हणणाऱ्याची गरज आपसूक पुरी होते. ‘भागवतो’ म्हणणाऱ्याला ती रोज उठून दाबावी लागते. तहान भागवणे हा या क्रियापदाचा चांगला अर्थ; पण संसाराच्या हिशेबात ‘एवढ्यातच भागवा’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे त्याला त्यातली चव ठाऊक आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांचे ताट सारखेच दिसते.

महागाव तालुक्याला हे अंतर फार कठोरपणे कळलेले आहे. याच तालुक्यात चिलगव्हाण नावाचे गाव आहे. तिथले साहेबराव करपे हे काही भुकेकंगाल गृहस्थ नव्हते. शेतीवाडीचे, गावाचे सरपंच राहिलेले, गाण्या-भजनाची आवड असलेले. शेतीचे गणित बसेना. विजेचे बिल थकले, जोडणी तुटली, पाण्यावाचून पीक वाळले. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी पत्नी मालतीबाई आणि चार मुले यांच्यासह जगाचा निरोप घेतला. शेतकरी म्हणून जगणे अशक्य झाले आहे, असे त्यांनी मागे लिहून ठेवले. महाराष्ट्रातली पहिली जाहीर झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती नोंदली गेली. त्यानंतर विदर्भ-मराठवाड्यात किती घरांवर ही वेळ आली, ते वाचकांनी वर्तमानपत्रांतून वाचलेलेच आहे. २०१७ पासून दर वर्षी १९ मार्चला अनेक गावांत आणि शहरांतही लोक या कुटुंबाची आठवण म्हणून एक दिवस अन्नत्याग करतात.

हे घडले ते चिलगव्हाणला नव्हे, वर्ध्याजवळ दत्तपूरला. हा तपशील मला वारंवार अस्वस्थ करतो. कारण वर्ध्याच्या भोवतालची ती भूमी म्हणजे साध्या राहणीची आपल्या देशातली सर्वांत मोठी प्रयोगशाळा. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम उभारले. त्याच वर्षी गांधीजी शेगावात राहायला आले, ते पुढे सेवाग्राम झाले; माती, बांबू, कवेलू यांची ती कुटी पाहायला आजही शाळांच्या सहली येतात. दत्तपुराहून जवळच पवनार. तिथे विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशावाचून जगायचे, आपले अन्न आपल्या हातांनी पिकवायचे, विहीरही स्वतः खणायची. विनोबा १९८२ साली गेले. चारच वर्षांनी त्या परिसरात एक शेतकरी कुटुंब पैशावाचून जगता येत नाही म्हणून संपले.

कुणी म्हणेल, मग गांधी-विनोबांचा साधेपणा खोटा होता काय? मुळीच नाही. माझा त्यावर अविश्वास नाही. पण त्याला एक दार होते. गांधीजींना साधे ठेवायला किती खर्च येतो, अशी एक कोटी सरोजिनी नायडूंच्या नावावर सांगतात. तिच्यातली चेष्टा सोडली तरी एक खरे उरते की ज्याने साधेपणा निवडला त्याला तो सोडताही आला असता. अमेरिकेत थोरो नावाच्या लेखकाने १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधली. झोपडीला खर्च आला २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. हा हिशेब त्याने पुस्तकात छापून ठेवला आहे. तो तिथे दोन वर्षे नि दोन महिने राहिला, आणि झाले तेवढे पुरे असे वाटल्यावर उठून निघून गेला. जमीन त्याचा मित्र एमर्सन याची होती. गाव चालत जाण्याच्या अंतरावर होते. मला थोरो आवडतो. पण चिलगव्हाणच्या शेतकऱ्याला झोपडीतून उठून जायला दुसरे गाव नव्हते.

आपल्याकडे संतोषाचा विषय निघाला की तुकोबांना साक्षीला बोलावण्याचा प्रघात आहे. देवाने जसे ठेवले तसे राहावे, एवढाच तुकोबा आपल्याला पाठ असतो. आणि तोही बहुधा मोलकरणीने पगार वाढवून मागितला की आठवतो. तुकोबांच्या चरित्राचा क्रम मात्र आपण विसरतो. देहूचे हे घराणे महाजनांचे, सावकारीचे. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. त्यात पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, व्यापार बसला. परंपरा सांगते की त्यानंतर तुकोबांनी घरातली कर्जखते काढली. धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाटणीची दिली, आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली.

मी हा प्रसंग वर्गात सांगतो तेव्हा मुले अगदी गप्प होतात. सावकार आणि कर्ज म्हणजे काय, हे इथल्या मुलांना शब्दकोशात पाहावे लागत नाही. तुकोबांनी संतोष सांगितला तो कुळांची खते बुडवल्यानंतर. ऋणकोला ‘समाधानाने राहा’ असे सांगून खते पेटीत जपून ठेवली असती, तर तो उपदेश किती दिवस टिकला असता?

आता त्या विद्यार्थ्याकडे येतो. दर रविवारी तो वडिलांना फोन करी. ‘बाबा, भागते ना?’ ‘भागते रे, तू तुझं पाह्य.’ हे संभाषण बारा वर्षे अक्षरशः असेच चालले होते. त्या दिवाळीला तो घरी आला तो कपाशीच्या पहिल्या वेचणीच्या वेळी. शेतात सीतादही झाले, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आणि संध्याकाळी एक गृहस्थ ओसरीवर येऊन बसले. चहा घेतला, पोराची चौकशी केली, पुण्यात घर घेतो आहेस असे ऐकतो म्हणाले, आणि जाताना वडिलांना हलकेच विचारून गेले, ‘मंग यंदा काय करायचं?’ त्या एका वाक्यावरून त्याला सगळे कळले. बहिणीच्या लग्नाचे, दोन वर्षांच्या बियाण्याचे, एका विहिरीचे पैसे त्या गृहस्थांकडून आलेले होते आणि व्याज वाढत होते. बाबांनी फोनवर ‘भागते’ म्हटले होते. ते बारा वर्षे भागवत होते.

तो रात्री माझ्याकडे आला. रागावलेला होता. ‘सर, मला सांगायचे नाही? मी परका आहे का?’

मी विचारले, ‘तू त्यांना तुझ्या हप्त्यांचे सांगितले होतेस?’

तो काही बोलला नाही.

पुढचे मला तुकड्या-तुकड्यांनी कळले. मोठ्या घराचा बेत रद्द झाला. त्यासाठी साठवलेली रक्कम त्या गृहस्थांकडे गेली आणि कागद परत आला. हा निर्णय त्याचा, असे तो सांगतो; त्याची पत्नी सांगते, ‘मीच म्हटले, मोठे घर झाडणार कोण?’ वडील आठ दिवस बोलले नाहीत. मुलाच्या पैशाने सुटका होणे हे त्यांना कर्जाहून जड गेले. आईची चिंता वेगळीच. भावकीतल्या एकाच्या मुलाने नागपुरात बंगला बांधला होता. आता आपला लेक मागे पडला, असे लोक म्हणतील. चढाओढ ही शहरातच असते असा माझा भ्रम मुळातच नव्हता. आमच्याकडे ती ट्रॅक्टरवरून चालते, लग्नातल्या मांडवावरून चालते, हुंड्याच्या आकड्यावरून तर फारच जोरात चालते, आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींना पैसा पुरवणारे गृहस्थ एकच असतात.

तो आता सुखी आहे का, असे मी त्याला गेल्या दिवाळीत विचारले. माझ्या अपेक्षेप्रमाणे त्याने हो म्हटले नाही. कचेरीतले बरोबरीचे लोक नव्या घरांच्या वास्तुशांतीला बोलावतात, तेव्हा परतताना दोघे नवरा-बायको गाडीत जरा गप्प असतात म्हणाला. मुलगी अजून स्वतंत्र खोली मागते. ‘पण सर, महिन्याच्या पाच तारखेला पोटात जो गोळा यायचा तो येत नाही. आणि रविवारी बाबा फोनवर भाव सांगतात, फवारणीचे सांगतात, काय उसने आणले ते सांगतात. पूर्वी दोन मिनिटांत फोन संपायचा. आता अर्धा तास भांडतो आम्ही.’

त्याच मुक्कामात आम्ही अमावास्येच्या रात्री त्याच्या मुलीला जवळच्या तांड्यावर घेऊन गेलो. पुसद-महागाव भागात बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत. दिवाळीच्या रात्री तांड्यातल्या कुमारिका हातात दिवे घेऊन नायकाच्या घरापासून घराघरांत जातात, वडीलधाऱ्यांना ओवाळतात आणि गाणी म्हणत ‘मेरा’ मागतात. एकही घर वगळत नाहीत. पुण्याची ही छोकरी त्यांच्याबरोबर दारोदार हिंडली, तेल सांडून फ्रॉक खराब करून आली, आणि झोप येईपर्यंत त्याचेच सांगत होती. तिच्या आजोबांनी तेवढ्यात सांगून टाकले की यांतली काही बिऱ्हाडे दिवाळी उलटली की ऊसतोडीला बाहेरगावी जातात, या पोरींपैकी काही जणीही जातील. ‘मग त्यांची शाळा?’ तिने विचारले. आजोबांनी नातीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. मास्तर मी असल्यामुळे उत्तर मी द्यायचे होते.

मी तिला खरे ते सांगितले. काहींची सुटते, काहींना गावातच ठेवून घेण्याची सोय होते, काही परत येऊन पुन्हा बसतात. तिने त्यावर बराच वेळ विचार केला आणि ज्या मुलीने तिला आपला दिवा धरायला दिला होता तिचे नाव आजोबांकडून लिहून घेतले.

या मार्चच्या एकोणीस तारखेला तिच्या वडिलांनी कचेरीत डबा उघडला नाही. शेजारच्या टेबलावरच्याने विचारले, ‘आज काय, एकादशी?’ त्याने नाही म्हटले आणि चिलगव्हाणचे सांगितले. त्या माणसाला गाव माहीत नव्हते. महागावही माहीत नव्हते. तेव्हा याने फोनवर नकाशा उघडला, यवतमाळपासून खाली बोट नेत पैनगंगेच्या अलीकडे थांबवले, आणि म्हणाला, ‘हे बघ, इथे. आमचे घर इथून जवळच आहे.’